रवाळ मध

मला चारचौघांत बोलता येत नाही. दुकानात गेले तरी माझ्या मागून आलेली बाई आधी सामान घेऊन जाते. शाळा चौथीपर्यंत झाली, तिथंही गुरुजींनी प्रश्न विचारला की मी मान खाली घालायचे. उत्तर येत असलं तरी. जे बोलता आलं नाही ते माझ्या पोटात तसंच राहतं, नासत नाही आणि विरतही नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

माझ्या जावेनं माझ्या भावाला खोटा ठरवलं होतं. लेकीचे दुधाचे दात गेले, पक्के आले, ती कॉलेजात जायला लागली, तोवर मी ते मनात धरून होते. तिनं ते बोलणं आपल्या तोंडानं परत घ्यावं आणि माझा भाऊ पुढच्या दारानं आमच्या घरात यावा, एवढंच मला हवं होतं. देवाकडं दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

आमचं घर पुंडलिकनगरच्या मागच्या अंगाला. मोठ्या दिरांनी प्लॉट घेतला तेव्हा समोर ज्वारीचं रान होतं आणि रस्त्याच्या जागी नुसती पांदी. खाली ते दोघं आणि त्यांचा मुलगा, वर आम्ही, स्वयंपाक एकाच चुलीवर. दोघं भाऊ कंपनीत, पाळ्या बदलत्या. घराचा कारभार जावेकडं. मी तिला बाई म्हणते. ती पाचोडकडची. तिच्या गावचा बाजार मोठा, त्यामुळं खरंखोटं पारखायला आपण जन्मतःच शिकलो, असं तिला वाटायचं. तूर दाताखाली फोडून बघायची, गूळ वास घेऊन. माझं माहेर सोयगावच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. आम्हाला ती डोंगराकडचे म्हणायची, आणि त्यात काय यायचं ते मला कळायचं.

माझ्या भावाच्या शेतात करडई असते. पाऊस दगा देतो तेव्हाही करडई काटे उगारून उभी राहते आणि फुलते. बांधावरच्या बाभळीला मोहोळ लागायचं. करडई फुलून गेली की भाऊ धूर करून ते उतरवायचा, पोळं फडक्यात घालून हातानं पिळायचा आणि मध काचेच्या बाटलीत भरून ठेवायचा. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी गेले, त्या वर्षी सगळीकडं दुष्काळ होता, फुलं थोडी आणि मधही थोडा. तरी मी लेकीला घेऊन निघाले तेव्हा भावानं ती बाटली स्वतःच्या पोरांना न देता माझ्या पिशवीत ठेवली. म्हणाला, गुटी उगाळशील तेव्हा यात उगाळ.

परत आले तर औरंगाबादेत पाण्याची बोंब. आमच्या भागात तेव्हा नळच आले नव्हते आणि बोअरमधून वारा यायचा. टँकर यायचा, पण केव्हा येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. लांबून हॉर्न ऐकू आला की हातातलं टाकून ड्रम आणि पाईप घेऊन पळायचं. बाईचे गुडघे दुखायचे, म्हणून पळायचे मी. पाईपसाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. मी कुणाशी भांडू शकत नव्हते, म्हणून माझा ड्रम सगळ्यात शेवटी भरायचा. तोवर लेक जावेपाशी.

थंडी पडली आणि भावाचा मध थिजला. आधी तळाला दाणे दिसले, मग हळूहळू सगळी बाटली पांढरट पिवळी झाली, घट्ट. मी त्यात काही वावगं बघितलं नाही, आमच्याकडं दर हिवाळ्यात मध असाच व्हायचा. पण बाईनं बाटली उलटी केली, मध खाली येईना. तिनं चमच्याच्या टोकानं थोडा काढला, बोटांत चोळला, जिभेवर ठेवला आणि दातांनी कर्र वाजवला.

"साखर हाये ही," ती म्हणाली. "तुह्या भावानं पाक करून दिला तुला."

घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीनं चाखून बघितलं. कुणी काही बोललं नाही, म्हणजे मानलं. मला सांगायचं होतं की असा होतो मध, थंडीत होतो, पण मी बाटलीचं झाकण शोधत राहिले. गंमत अशी की तूप रवाळ झालं की हीच बाई सगळ्यांना बोलावून दाखवायची. कसं रवाळ आलंय बघा, भेसळीच्या तुपाला असा रवा धरत नाय, म्हणायची. तुपाचा रवा खरेपणाचा आणि मधाचा रवा खोटेपणाचा, हे तिचं शास्त्र.

तिनं गरम पाणी घालून बाटली मोरीत ओतली. दुपारपर्यंत मोरीला मुंग्यांची रांग लागली. तिनं मला हाताला धरून नेलं आणि दाखवलं. म्हणाली, अस्सल मधाला मुंगी शिवत नाय. मी मुंग्यांकडं बघत राहिले. माझ्या भावाच्या हाताला त्या मधासाठी माशा चावल्या होत्या, सूज मी डोळ्यांनी बघितली होती.

मग बाईनं स्वतःचा मध आणला. गल्लीतून एक मधवाली यायची, डोक्यावर पत्र्याचा डबा. झाकण काढलं की आत काळसर मध, त्यावर पोळ्याचा तुकडा तरंगत ठेवलेला आणि एकदोन मेलेल्या माशाही. माशा बघितल्यावर बाईला आणखी पुरावा नको होता. "माशी काय घरी करता येती का?" असं ती सगळ्यांना विचारायची. तो मध कधी थिजला नाही. कडाक्याच्या थंडीतही तारेसारखा ओघळायचा.

टँकर आला की लेक रडायची, कारण मी उठून पळायचे. बाईला रडणं चालत नसे. ती मऊ फडक्याची गाठ करून मधात बुडवायची आणि पोरीच्या तोंडात द्यायची. चोखणी म्हणत त्याला. पोरगी गप्प, चोखत चोखत झोपून जायची. मी ओली होऊन परत यायचे तेव्हा फडकं तोंडातच असायचं. मी काढून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा टँकर, पुन्हा फडकं. एकदा मी हळूच म्हटलं, बाई, राहू द्या ना. तर म्हणाली, "मग तू सांभाळ, मी जाते पाण्याला." तिचे गुडघे आणि माझा ड्रम.

लेकीचे पुढचे दात आले ते पांढरेशुभ्र. वर्ष सरायच्या आत हिरडीपाशी पिवळी रेघ आली, मग तपकिरी. नंतर दात कडेनं झिजून खुंट राहिले, काळे. गार पाणी प्याली की पोर किंचाळायची. दवाखान्यात नेलं तेव्हा बाई सोबत आली, कारण मला डॉक्टरांशी बोलता आलं नसतं. डॉक्टरांनी विचारलं, तोंडात काही गोड ठेवून झोपवता का? मी बाईकडं बघितलं. बाई डॉक्टरांकडं बघून म्हणाली, हिच्या भावानं मध दिला होता, साखर कालवलेला, त्यानं झालं.

डॉक्टर मला रागावले. आई आहेस, तुला कळत नाही का, असं बरंच बोलले. मी मान खाली घातली. पायाखाली फरशीवर पांढरे काळे चौकोन होते. बोलणी खाताना मी ते चौकोन बघत होते आणि ठरवत होते. काय ठरवत होते ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं, पण सूड हा शब्द मला चौथीपर्यंतच्या शाळेतही समजला होता.

पुढचे दात काढावे लागले. गल्लीतली पोरं तिला बोळकी म्हणायची. शाळेच्या पहिल्या फोटोत सगळ्या वर्गानं दात दाखवले आहेत, माझ्या लेकीनं ओठ आत ओढून धरले आहेत. तो फोटो मी भिंतीवर लावला नाही. कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, रोज साडी काढताना मला दिसेल असा.

दात काढले त्याच वर्षी दिवाळीत भाऊ भाऊबीजेला आला. हातात नवी बाटली. उंबऱ्यापाशी त्यानं एक चप्पल काढली होती, दुसरी काढायला वाकला होता, तेवढ्यात बाई पुढं झाली. आवाज गोड होता.

"मामा, राग नका मानू, पण तुमच्या मधानं पोरीचं तोंड गेलं. साखर कालवायचीच व्हती तर विकायच्या मधात कालवावी. भाचीच्या कशाला?"

भावानं माझ्याकडं बघितलं. मी ओवाळणीचं ताट घेऊन उभी होते. मी बोलले असते तर सगळं तिथंच संपलं असतं, पण माझं मलाच माहीत आहे की मी कशी आहे. त्यानं काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली. "बरं," एवढंच म्हणाला आणि गेला. मी ताट घेऊन मागं धावले. कोपऱ्यावर, विजेच्या खांबाखाली त्याला ओवाळलं.

तेव्हापासून तो आमच्या घराची पायरी चढला नाही. दर भाऊबीजेला सिडकोच्या बसस्टँडवर यायचा. मी ताट फडक्यानं झाकून रिक्षानं जायचे. बाकावर त्याला बसवायचे, येणारीजाणारी बघायची. बसच्या वाऱ्यानं निरांजन विझायचं, तो दोन्ही हातांची ओंजळ करून आडोसा धरायचा. आपल्याला ओवाळणाऱ्या बहिणीचा दिवा भावानंच झाकायचा, असं ते चालायचं. मग तो मधाची बाटली द्यायचा. मी कधी नको म्हटलं नाही. बाटली माझ्या कपाटात, त्या फोटोखाली.

या वर्षांत मी बाईची खूप सेवा केली, असं सगळे म्हणतात. खरं आहे. गुडघ्यांना तेल चोळलं, पथ्याचं रांधलं. पण मी सूडही घेत होते, माझ्या मापाचा. तिच्या चहात साखर नेहमी एक चिमूट कमी. तिचा आवडता धपाटा मी तव्यावरून अंमळ उशिरा उतरवायचे. एकदा संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बाई नव्या साडीत, सगळ्या गल्लीतल्या बायकांसमोर हसून हसून बोलत होती आणि तिच्या पुढच्या दाताला मेथीचं हिरवंगार पान चिकटलेलं. बायका एकमेकींकडं बघत होत्या. मला नुसती खूण करता आली असती. मी वाणाची ताटं फिरवत राहिले. त्या दिवशी मला जितकं बरं वाटलं तितकं सणाला वाटत नाही.

ज्वारीचं रान गेलं. तिथं आधी रो हाउस आली, मग चार मजली इमारती, प्रत्येकीला आपली बोअर. आमच्या गल्लीला नळ आले, पण पाणी बऱ्याच दिवसांनी एकदा. मग पुन्हा दुष्काळ पडला, धरण तळाला गेलं आणि टँकर आले. आता ते इमारतींच्या टाक्यांत थेट पाईप सोडायचे, पळावं लागायचं नाही. मी गॅलरीतून बघायचे आणि माझे हात आपोआप ओले झाल्यासारखे वाटायचे.

त्याच वर्षी बाईच्या मुलाचं लग्न झालं. सून दाताची डॉक्टर, पुढचं शिक्षण अजून चालू. बाईच्या तोंडी महिनाभर दुसरा विषय नव्हता. पोरगी मात्र साधी. मला काकू म्हणायची आणि भाजी निवडताना शेजारी येऊन बसायची. माझ्याशी कुणी एवढं बोलत नसे.

एकदा तिनं सांगितलं की दात किडवणाऱ्या जंतूंवर मध चालतो का, हे तिला कॉलेजात तपासायचं आहे. वेगवेगळ्या ठिकाणचे मध हवेत. बाई तिथंच होती. ती उठली आणि आपली बरणी घेऊन आली. मधवाली म्हातारी झाली होती, डबा तिची सून वाहायची, पण मध तोच. बाई म्हणाली, बाकी काही बघूच नको, हा घे, अस्सल.

मी वर गेले. कपाट उघडलं. थंडीचे दिवस होते, बाटलीतला मध घट्ट झाला होता. ती बाटली मी पहिल्यांदाच जावेसमोर बाहेर काढत होते, आणि ती दोन्ही हातांत धरून जिना उतरले.

बाई हसली. "अगं, ती साखर हाये. हिच्या भावाची जुनी सवय."

सुनेनं बाटली उजेडात धरली, तिरकी केली. "नाही हो आई," ती म्हणाली, "खरा मधही थंडीत असा होतो. कुठला लवकर होतो, कुठला होतच नाही, फुलावर असतं. नुसतं बघून खराखोटा नाही सांगता येत. कोमट पाण्यात ठेवला की पातळ होईल."

बाईनं हात उडवला. पण माझ्या कानात ते वाक्य शिरलं ते शिरलंच. इतक्या सोप्या गोष्टीसाठी माझा भाऊ बसस्टँडवर ओवाळून घेत होता.

मी सुनेला विचारलं, मला बघायला मिळेल का? मी स्वतःहून कुणाला काही विचारलं, याचंच तिला नवल वाटलं. ती मला कॉलेजात घेऊन गेली. सपाट काचेच्या बश्या होत्या, तळाला खरवसाच्या वडीसारखा थर, आणि त्यावर जंतू वाढवलेले. ते दुधाच्या सायीसारखे पसरलेले दिसत होते. तिनं थरात बारीक भोकं पाडून एकेकात एकेक मध सोडला होता आणि बशी उबेत ठेवली होती. ती म्हणाली, मधानं जंतू मारले तर भोकाभोवती कोरी जागा दिसते.

एका भोकाभोवती काही नव्हतं. साय अगदी कडेपर्यंत येऊन भिडली होती, जणू जेवायला बसली होती. तो बाईचा मध. दुकानातल्या बाटलीच्या मधाभोवती बारीक कडं. आणि माझ्या भावाच्या मधाभोवती स्वच्छ गोल, जात्याभोवती सारवून घ्यावं तसा.

"काकूंचा भारी निघाला," सून म्हणाली.

मी तो गोल किती वेळ बघत होते कोण जाणे. त्यात मेलेले जंतू मला दिसत नव्हते, पण ते मेले आहेत याचा जो आनंद झाला तो सांगता येत नाही. मला वाटलं बाईला इथं धरून आणावं, मान खाली दाबून बशीपाशी न्यावं, जसं तिनं मला मोरीतल्या मुंग्यांपाशी नेलं होतं.

सुनेनं समजावलं की मध इतका दाट असतो की जंतूंच्या अंगातलं पाणी ओढून घेतो, शिवाय आंबटही असतो, आणि माशीच्या अंगातलं काहीतरी त्यात उतरतं त्यानं फेसाच्या औषधासारखं औषध आपोआप तयार होतं, जखमेवर टाकलं की फसफसतं ते. बाईचा मध बहुतेक गुळाचा पाकच, त्यात हे शेवटचं नसतं, आणि पाक पातळ असला तर दाटपणाही नाही.

मग मी विचारलं, म्हणजे हा दातांना चांगला?

ती बशीवर झाकण ठेवत म्हणाली, "बशीत चांगला, काकू. तोंडात लाळ असते, मध पातळ होतो, आणि शेवटी गोड तो गोडच. हाच मध फडक्याला लावून लहान बाळाच्या तोंडात ठेवून दिला तर त्यानंही दात किडतील. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध चाटवायचाच नसतो."

हे ऐकून मी जरा खचले. माझ्या भावाचा मध अमृत आहे असं मला हवं होतं. परत येताना रिक्षात मी ते डोक्यात फिरवत राहिले आणि सेव्हन हिलच्या पुलाखाली रिक्षा अडकली तेव्हा मला नीट दिसलं. मध कुणाचाही असो. दात किडवले ते फडक्यानं. आणि फडकं कुणी ठेवलं होतं?

मी काही बोलणार नव्हतेच. पण जेवताना सुनेनं सगळ्यांना बशीची गोष्ट सांगितली, कारण तिला त्यात गंमत वाटत होती. बाई म्हणाली, बशीत काय, तोंडातलं सांग, हिच्या पोरीचे दात तर याच मधानं गेले. तेव्हा सुनेनं सहज विचारलं, कसे? दिवसभर मधाची चोखणी तोंडात असायची का? कोण द्यायचं?

माझी लेक पाणी पीत होती, तिनं पेला खाली ठेवला. मी भाकरीचा तुकडा धरून बसले. आणि मोठे दीर, ज्यांनी आयुष्यात बायकांच्या गोष्टीत कधी लक्ष घातलं नाही, ते वरणात भात कालवता कालवता म्हणाले, "हीच की. टँकर यायचा तवा. त्या मधवालीच्या मधाची. डोंगरातला तर हिनं आधीच मोरीत ओतला व्हता."

त्यांना आपण काय बोललो ते कळलंही नाही. त्यांनी आणखी वरण मागितलं. मी वाढलं. बाई उठून मोरीत हात धुवायला गेली आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली, पाण्याची इतकी टंचाई असताना.

तिनं बोलणं मागं घेतलं नाही. मी वाट बघितली. होळी गेली, पाडवा गेला. ती माझ्याशी पूर्वीसारखीच वागायची, फक्त डोंगराकडचे म्हणायची नाही.

मग तिचे दात गेले. मी काही केलं नाही, वयानं गेले. आयुष्यभर तूर फोडून बघणारे दात हलायला लागले आणि उन्हाळ्यात सुनेनं ते एकेक करून काढले. कवळी बसवली. कवळी घासून हिरड्या सोलल्या. बाई पेज पिऊन राहायची आणि कण्हायची. दिवाळीच्या तोंडावर तिनं सुनेला विचारलं, हिरडीला मध लावू का?

"लावा की, आई," सून म्हणाली. "आता किडायला काही राहिलंच नाही." माझी लेक इतकी हसली की तिचे सगळे पक्के, पांढरे दात दिसले. "पण डब्यातला नको," सून पुढं म्हणाली. "काकूंकडचा लावा."

बाई जिना चढून वर आली. गुडघे धरत, एकेक पायरी. मी तिला वर येताना ऐकत होते आणि उठले नाही. ती दारात उभी राहिली. कवळी काढलेली असल्यामुळं तिचं तोंड आत गेलं होतं. बोळकं. मला फोटो आठवला.

"तुह्याकडं ते हाय ना," ती म्हणाली.

"काय, बाई?"

"ते. बाटलीतलं."

"काय बाटलीतलं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मीही बघत राहिले. एवढा वेळ कुणाच्या डोळ्यांत बघण्याची मला सवय नाही, पण त्या दिवशी मान खाली गेली नाही.

"मध," ती म्हणाली.

कपाटात बाटली भरलेली होती, माझ्या पाठीमागं, हातभर अंतरावर. मी म्हटलं, "संपला, बाई. भाऊबीजेला भाऊ येतो सिडकोच्या बसस्टँडवर, तेव्हा आणतो. तिथं येऊन मागा."

एवढं लांब वाक्य मी तिच्याशी पहिल्यांदाच बोलले असेन.

मला वाटलं नव्हतं ती येईल. पण हिरडी माणसाला काय काय करायला लावते. भाऊबीजेला मी ताट घेऊन निघाले तर ती कवळी बसवून, बरी साडी नेसून रिक्षात आधीच बसलेली. स्टँडवर भाऊ नेहमीच्या बाकावर होता, केस सगळे पिकलेले. बाईला बघून उभा राहिला. मी त्याला आधी बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. त्यानं ओंजळ धरली. बाई बाजूला उभी राहून बघत होती. भोवतीचे प्रवासी तिच्याकडं बघत होते, ही कोण म्हणून. मला घाई नव्हती. निरांजन विझलं ते मी पुन्हा लावलं आणि पुन्हा ओवाळलं.

मग बाई म्हणाली, "मामा, घरी चला. चहा घ्यायला."

भावानं तिला नीट बघून घेतलं. "साखर चालती का तुमच्यात?" त्यानं विचारलं.

बाईचा चेहरा उतरला. खाली बघत म्हणाली, "चालती."

तो आला. पुढच्या दारानं. त्यानं दोन्ही चपला काढल्या, मी स्वतः त्या आत घेऊन ठेवल्या. मोठ्या दिरांनी त्याला पलंगावर जागा केली, लेकीनं पाया पडून पाणी दिलं. मी मेथीची भाजी आणि भाकरी केली. बाईलाही आग्रहानं वाढली, मऊ करून.

जेवण झाल्यावर बाईनं बाटली मागितली. बाटली उलटी केली तर मध खाली येईना. तिनं सवयीनं वर बघितलं, मग माझ्या भावाकडं, मग बाटलीकडं. चमच्याच्या टोकानं थोडा काढला, कवळी जराशी सैल करून हिरडीला लावला आणि उरलेला जिभेवर ठेवला.

"रवाळ हाय," ती म्हणाली. तुपाला म्हणायची तसं. आणि भिंतीकडं बघत, "चांगलाय. तवाचाबी चांगलाच असंल."

भाऊ मान हलवून हसला. त्याचा राग तेवढ्यावर निवला, तो तसाच आहे. मी तशी नाही. मी माफ केलं असं कुणाला वाटलं असेल तर वाटू दे.

तेवढ्यात शेजारच्या दोघीतिघी भाऊबीजेच्या निमित्तानं आल्या. बाईनं त्यांना माझ्या भावाची ओळख करून दिली, हसून, तोंड भरून. तिच्या नव्या, सरळ, पांढऱ्या दातांच्या मधोमध मेथीचं पान चिकटलेलं होतं.

मी चहा ठेवायला उठले.